तगाईपासून डीबीटीपर्यंत : नंदुरबारच्या शेतात सरकारी पैसा कसा उतरला



आजच्या विषयाची सुरुवात एका गावापासून करतो. शहादा तालुक्यातलं टेंभली. २९ सप्टेंबर २०१० या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी या छोट्या गावात आले होते. देशातले पहिले आधार क्रमांक त्या दिवशी टेंभलीत दिले गेले. पुढे २०१६ साली आधारचा कायदा झाला. आपण त्याला नुसतं 'आधार कायदा' म्हणतो. पण त्याच्या लांबलचक नावातच 'सबसिडी' हा शब्द आहे. अनुदानं, लाभ आणि सेवा नेमक्या माणसापर्यंत पोहोचवण्यासाठी हा कायदा, असं त्याचं नावच सांगतं.

म्हणजे सरकारी अनुदान थेट माणसाच्या खात्यात जमा करायच्या आजच्या व्यवस्थेचा पहिला दगड नंदुरबार जिल्ह्यात बसला. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. कारण शेतीसाठी सरकारनं पैसा द्यायचा, तो कुणाला द्यायचा आणि कोणत्या कागदावर द्यायचा, हा प्रश्न या मुलखात २०१० मध्ये उभा राहिलेला नाही. त्याला दोनशे वर्षं झाली. त्या दोनशे वर्षांचा धावता हिशोब आज मांडायचा आहे.

नंदुरबार जिल्हा म्हणून तसा तरुण. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा पश्चिम खानदेश. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख आणि त्यात आदिवासी ६९ टक्के. भूगोल डोळ्यांपुढे आणा. मधून तापी वाहते. तिच्या काठची काळी जमीन, शहादा-तळोद्याचा सपाट पट्टा : ऊस, केळी, पपई, कापूस, मिरची. उत्तरेला सातपुडा, त्यात अक्राणी म्हणजे धडगाव आणि अक्कलकुवा : उताराची जमीन, ज्वारी, मका, आंबा, मोह. पश्चिमेला नवापूर, तिथली भात आणि तूर. एकाच जिल्ह्यात दोन-तीन वेगळे देश आहेत म्हणा ना. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता १८१८ मध्ये जाऊ. पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा तो निम्मा उजाड होता. १८०२ मधली होळकरांच्या फौजांची लूट, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. गावंच्या गावं ओस पडली होती. जमीन पडीक, सारा कुठून येणार? आणि डोंगरात भिल्लांच्या टोळ्या. त्यांच्यावर आधी फौजा घालून पाहिल्या, जमेना. शेवटी १८२५ च्या सुमाराला धोरण बदललं. एका बाजूला आउट्रमनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. दुसऱ्या बाजूला भिल्लांना शेतीवर बसवण्यासाठी एजन्सी नेमल्या. वायव्य खानदेशची एजन्सी तापीकाठी कुकरमुंड्याला होती. हे गाव आज गुजरातेत आहे. जो भिल्ल येऊन शेती करील त्याला पडीक जमीन द्यायची, सुरुवातीला साऱ्यात सूट द्यायची, आणि बैल, बियाणं, अवजारं घ्यायला तगाई द्यायची.

तगाई हा शब्द इंग्रजांचा नव्हे. पेशवाईतही कमावीसदार रयतेला तगाई देत असत. पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून सारा टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, त्याला 'इस्तावा' म्हणत. मुद्दा हा, की शेतीला सरकारी मदत ही आजच्या निवडणुकांची देणगी नाही. राज्याला सारा हवा, गावात माणूस टिकायला हवा, मुलूख शांत हवा, म्हणून राज्य शेतकऱ्याला आधी पैसा पुरवत आलं आहे. आणि खानदेशातल्या या पहिल्या तगाईचं वैशिष्ट्य बघा. ती ज्याला दिली त्याच्याकडे जमिनीचा कागद नव्हता. किंबहुना कागद नव्हता म्हणूनच ती दिली. माणूस समोर उभा आहे, तो जमीन कसायला तयार आहे, एवढं पुरे होतं. पैसा आधी मिळत होता, परतफेड नंतर.

मग हे बदललं कसं? मोजणीनं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खानदेशात रयतवारी मोजणी आली. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोलकडे लोकांनी तिच्याविरुद्ध उठाव केले, तरी ती पुढे गेलीच. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला आणि प्रत्येक नंबरापुढे एक नाव आलं. ज्याचं नाव, त्याच्यावर सारा. सपाटीवरच्या अनुभवी शेतकऱ्यांनी नंबर घेतले आणि कष्टानं जमीन फुलवली, हे मान्यच केलं पाहिजे. पण डोंगरातली फिरती शेती या चौकटीत बसत नव्हती. १८७८ च्या वन कायद्यानंतर तर ती शेती गुन्हाच ठरायला लागली. सपाटीवर ज्या भिल्लांच्या नावे नंबर लागले, त्यातल्या कित्येकांचे सावकाराकडे गेले.

अशा वेळी १८८३ आणि १८८४ मध्ये दोन कायदे आले. पहिला जमीन सुधारणा कर्जाचा : विहीर, बांध, ताल यांसाठी. दुसरा शेतकऱ्यांच्या कर्जाचा : बियाणं, बैल यांसाठी. तगाईला आता कायद्याचं अंग आलं. पण कायद्यानं तारणही आणलं. तगाई थकली तर ती साऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल व्हायची, म्हणजे जमीन पणाला लागायची. मोठी तगाई मिळवायची तर तारणाला जमीन हवी किंवा पत असलेला जामीन हवा. विहिरीची तगाई मागायला मुळात स्वतःच्या नावची जमीन तर हवीच. १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला आणि आज आपल्याला ओळखीचा असलेला सातबारा त्यातून हळूहळू घडला.

सातबारा म्हणजे काय, हे इथे जरा सांगतो. आपण शब्द वापरतो, पण फोड विसरतो. गाव नमुना सात म्हणजे मालकी आणि हक्क. गाव नमुना बारा म्हणजे पीकपाणी, त्या वर्षी शेतात काय उभं आहे ते. सातमध्ये 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. कर्जाचा बोजा तिथे चढतो, तगाईचाही चढायचा. म्हणजे सरकारी मदत स्वतःच सातबाऱ्यावर जाऊन बसली. कुकरमुंड्याच्या काळात मदत माणसाकडे बघून मिळत होती. आता ती उताऱ्याकडे बघून मिळू लागली.

याचा परिणाम दिसला तो शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत. विसाव्या शतकात इथली शेती बागायती झाली, विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना झाला. पण शेतात राबणारा भिल्ल बहुतेक ठिकाणी सालदार होता. आखाजीला साल ठरायचं आणि वर्षभर तो बांधलेला. कित्येकदा तो ज्या शेतात राबायचा, ते त्याच्या आजोबाचंच असायचं. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीचं प्रकरण झालं, गोळीबारात आदिवासी मारला गेला. अंबरसिंग महाराजांच्या पाठीशी तरुण उभे राहिले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. या चळवळीतल्या कार्यकर्त्यांचं एक महत्त्वाचं काम कोणतं होतं? उतारे काढणं. जुने फेरफार शोधायचे आणि जमीन कुणाची होती, कधी आणि कशी गेली ते तपासायचं. मोर्चाइतकंच महत्त्वाचं हे कारकुनी काम होतं. या आणि राज्यातल्या इतर दबावातून आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनींना तो लागू होता.

हे आंदोलन जमिनीचं, मग अनुदानाच्या व्याख्यानात ते कशाला? कारण अनुदानाचं युग नेमकं याच सुमाराला सुरू होत होतं. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजना आली. १९७८ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला : लहान शेतकऱ्याला २५ टक्के अनुदान, सीमांत शेतकऱ्याला एक तृतीयांश, आदिवासीला ५० टक्के. त्याच वर्षी आदिवासी विकास महामंडळाचं खावटी कर्ज सुरू झालं, पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं तेव्हासाठी. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. तिचा फायदा आदिवासी शेतकऱ्याला १०० टक्के अनुदानानं मिळत होता. कलमाच्या, खड्ड्याच्या आणि मजुरीच्या खर्चासह. पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर. मला ही योजना विशेष वाटते, कारण स्वतःच्याच शेतात खड्डा खणल्याची मजुरी शेतकऱ्याला मिळत होती. हातात रोख नसलेल्या माणसाला झेपेल अशी ती होती. पण झाड लावायला जमीन लागते, आणि जमीन आपली आहे हे दाखवायला उतारा लागतो. ज्यानं १९७५ च्या कायद्यानं एखादा एकर परत मिळवला, त्यानं नुसती जमीन मिळवली नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांच्या सगळ्या योजनांचं दार त्याला उघडलं होतं.

इथे थोडं लांब जाऊन येऊ. हा प्रकार आपल्याकडेच घडला असं समजू नका. १९३३ मध्ये अमेरिकेत मंदीनं कापसाचे भाव कोसळले. रूझवेल्ट सरकारनं कायदा केला : कापूस कमी पिकवा, त्याबदल्यात सरकार पैसे देईल. उभा कापूस नांगरला गेला. पैसे कुणाच्या हातात पडले? जमीनमालकाच्या. दक्षिणेतल्या राज्यांत जमीन मालकाची आणि कसणारा बटाईदार, त्यात काळे आणि गरीब गोरे दोघेही. मालकानं बटाईदाराला वाटा द्यावा असा नियम होता. पण कित्येक मालकांनी पैसे ठेवून घेतले. एवढ्यावर थांबले नाहीत, लागवडच कमी करायची तर बटाईदार हवा कशाला, म्हणून त्यांना घराबाहेर काढलं. १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात टायरोंझा नावाच्या गावी काळ्या-गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना काढली, ती यातून. सरकारचा हेतू चांगला होता. पण पैसा जमिनीच्या मागे गेला आणि कसणारा होता त्याहून वाईट अवस्थेत गेला.

आता परत नंदुरबारला. आज शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी पैशाचे मी तीन ओघ करतो.

पहिला ओघ न दिसणारा. खत आणि वीज. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, उरलेली किंमत केंद्र सरकार भरतं. २०२२-२३ मध्ये खताच्या अनुदानावर केंद्राचा खर्च सुमारे २.५ लाख कोटी रुपये झाला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. यासाठी लॉटरी नाही, वेगळा अर्ज नाही. पण जो जास्त खत टाकतो त्याला जास्त, ज्याच्याकडे पंप आहे त्यालाच वीज. तापीकाठच्या केळीच्या बागेत हा पैसा मुरतो. धडगावच्या उतारावर, जिथे पंपच नाही, तिथे तो चढत नाही. इथे कुणी कुणाचं हिसकावलेलं नाही. पाणी जिकडे आहे तिकडे हे अनुदान आपोआप वाहत जातं, एवढंच.

दुसरा ओघ अर्जाचा. ठिबक, ट्रॅक्टर, अवजारं, विहीर. महाडीबीटीवर 'अर्ज एक, योजना अनेक'. ठिबकला केंद्राच्या अनुदानावर राज्य भर घालतं आणि लहान शेतकऱ्याला ते ८० टक्क्यांपर्यंत जातं. आदिवासी शेतकऱ्यासाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. नव्या विहिरीला आधी अडीच लाख होते, आता ४ लाख रुपये. आकडा चांगलाच आहे. अट : किमान ०.४० हेक्टर जमीन, सातबारा आणि आठ-अ.

तिसरा ओघ थेट रोख. पीएम किसान : वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०१९ मध्ये सुरू झालं. आधी दोन हेक्टरपर्यंतच्यांना होतं, मग सगळ्यांना. राज्याची नमो शेतकरी योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तेवढेच आणखी. दोन्ही मिळून १२,००० रुपये. साधा हिशोब करा : एका विहिरीचं अनुदान म्हणजे या दोन्ही योजनांची तेहतीस वर्षांची रक्कम. म्हणून गावात विहिरीच्या यादीत कुणाचं नाव आलं याची चर्चा जास्त होते. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर असली पाहिजे. वारसानं आली तर गोष्ट वेगळी. बटाईनं किंवा खंडानं कसणाऱ्याला ती मिळत नाही. टायरोंझा आठवलं ना?

डीबीटीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पूर्वी वस्तू वाटल्या जायच्या. शेतकऱ्याला हवा असायचा पंप, मिळायचा फवारा. आणि तोही दोन महिन्यांत बिघडायचा. २०१६-१७ पासून राज्यानं वस्तूंऐवजी खात्यात पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा मधल्या बऱ्याच हातांची सोय गेली. वस्तू शेतकरी स्वतः निवडतो. हे मोठं काम झालं. मी जुन्या पद्धतीकडे परत जा असं म्हणणाऱ्यांतला नाही.

पण दोन गोष्टी राहिल्या. पहिली कागदाची. मागच्या पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला एका सेवा केंद्रात मी तासभर बसलो होतो. बाहेर रांग. एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं घेऊन आल्या होत्या. आधार होतं, पासबुक होतं, ठसाही जुळला. सातबाऱ्यावर नाव मात्र सासऱ्याचं. सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. नवरा गेला, दीर तिघे, खातं सामाईक. त्या आजी शेतकरी आहेत याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. संगणकाला होती. टेंभलीत सुरू झालेल्या व्यवस्थेनं 'तू कोण' याचं उत्तर पक्कं केलं. 'जमीन कोण कसतं' याचं उत्तर ती अजून जुन्या उताऱ्यालाच विचारते.

दुसरी गोष्ट रोखीची. तगाईत पैसा आधी मिळायचा आणि फेडायचा नंतर. आजचं अवजारांचं किंवा ठिबकचं अनुदान फेडायचं नाही, पण खर्च आधी करायचा. पूर्वसंमती घ्या, वस्तू विकत घ्या, बिल चढवा, पाहणी होऊ द्या, मग पैसे. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला हे जमतं. ज्याच्याकडे नाही तो कुणाकडून तरी व्याजानं आणतो आणि अनुदानाचा काही भाग व्याजात जातो. किंवा तो निवड होऊनही गप्प बसतो. १८८४ च्या कायद्यानं सावकाराला पर्याय द्यायचा प्रयत्न केला होता. आजची पद्धत नकळत त्याच माणसाच्या दारी नेऊन सोडते.

यात एक आशेची गोष्ट आहे, तिच्यावर संपवतो. २००६ चा वनहक्क कायदा. सातपुड्यात वनजमिनीवरच्या शेतीला 'नेवाड' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली ही शेती सरकारच्या लेखी अतिक्रमण होती. या कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असतील ती जमीन, ४ हेक्टरपर्यंत, त्यांच्या हक्काची ठरली. ती वारसानं जाते, विकता येत नाही. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. सातबाऱ्याच्या शंभर वर्षांत जे क्वचित झालं ते इथे नियम म्हणून आलं : कागदावर बाईचं नाव. पुरावा काय धरायचा? कायदा म्हणतो, गावातल्या जाणत्या माणसांचा जबाबही पुरावा आहे, आणि पहिली पडताळणी ग्रामसभेची. म्हणजे कोण कसतं हे गावानं सांगायचं. दावे रखडले, फेटाळले गेले, म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरात नंदुरबारचे हजारो आदिवासी ठाण्याहून मुंबईला पायी गेले. तेही खरं. पण कुकरमुंड्यानंतर पहिल्यांदाच सरकारनं मान्य केलं, की कसणारा माणूस उताऱ्याआधी असतो.

वीज, खत, विहीर, हप्ता, हे सगळं कुणाला मिळायचं याचा निकाल कृषी खात्यात लागायच्या आधी तलाठ्याच्या दप्तरात लागलेला असतो. नंदुरबारच्या दोनशे वर्षांवरून मला एवढंच म्हणायचं आहे. अनुदान वाढवा अशी मागणी आपण करतो, ती करावीच. तिच्या आधी वारस नोंदींची, वनपट्ट्यांची आणि बटाईदाराच्या नावाची मागणी ठेवा.

प्रश्नोत्तरांतून

श्रोत्यांतून एक प्रश्न आला : सर, बटाईदाराचं नाव लावलं तर मालकाला कूळ लागायची भीती वाटते. मग तो जमीन देणारच नाही. यावर उपाय काय?

भीती खरी आहे, आणि ती कूळकायद्याच्या अनुभवातून आली आहे. त्यामुळे मालकीच्या नमुन्याला हात न लावता काही करता येईल का, हे बघायला हवं. सातबाऱ्याचा बारा नमुना पिकाचा आहे. या हंगामात पीक कुणाचं, एवढंच तिथे लिहावं, त्यातून हक्क निर्माण होणार नाही असं कायद्यात स्पष्ट म्हणावं. दुसरा मार्ग ओडिशानं २०१८ च्या शेवटी दाखवला. त्यांच्या 'कालिया' योजनेत बटाईदार आणि भूमिहीन कुटुंबंही घेतली होती. तेलंगणानं त्याच वर्षी 'रयतु बंधू' आणली, ती मालकालाच पैसे देणारी. दोन्ही राज्यांचा अनुभव समोर आहे. आपल्याकडे २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आला. तो आज जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. तो पिकाच्या नोंदीवरूनही मिळावा अशी मागणी तुमच्या ग्रामसभेत ठरावानं करता येईल. सुरुवात तिथून करा.